धुरपताबाईचा अंगठा

"हा कोणता?" बोंद्रे साहेबांनी पेनच्या टोकाने काचेवर टकटक केलं.

टकटक केलं तिथेच, वीतभर अंतरावर पाटी होती, 'काचेवर टकटक करू नये. मासे घाबरतात.' मी दहावीपर्यंत शिकलेली, मला ती वाचता येत होती. साहेबांनाही येत असणारच. पण साहेबलोकांना पाट्या लागू नसतात.

माझी सासू धुरपताबाई काचेला नाक लावून उभी होती. आत निळा उजेड. त्या उजेडात एक मासा सगळे पर पसरून मधोमध तरंगत होता, मिशा हलवत, जसा काही त्याला जगात कुठे जायचंच नाही. काच एवढी जाड की वीतभराचा मासा हातभर दिसे.

"बोला मावशी. हा आहे का तुमच्या तळ्यात?"

सासू डावीकडून बघून आली, उजवीकडून बघून आली. मग हळूच म्हणाली, "हा नाई भेटत आमच्याकडं."

साहेब हसले. "टेंगरा आहे हा मावशी, टेंगरा! तुमच्याच यादीत सहाव्या नंबरवर आहे." आणि त्यांनी कागदावर फुली मारली. ती चौथी फुली होती.

ज्या बाईने आयुष्यात लाखभर टेंगरे हाताळले असतील, तिला टेंगरा ओळखू येऊ नये?

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. आमचं गाव हिवरटोला, गोंदियाच्या बाजूचं. आम्ही ढीवर. गावाला जुनं मालगुजारीच्या काळातलं तळं आहे, त्याच्यावर आमची सगळी घरं जगतात. पुरुष डोंगा घेऊन मधल्या खोल पाण्यात जाळी टाकतात. आम्ही बायका काठाच्या गाळात उतरतो आणि गवताच्या मुळाशी हात घालून मासे धरतो. त्या वर्षी तळं एका ठेकेदाराला द्यायचं चाललं होतं. तो तळं आटवणार, गाळ-गवत मशीनने खरवडून काढणार आणि बाहेरचं मासळीचं बी आणून सोडणार. त्याचं मासे पकडायचं काम मोठ्या जाळ्यांचं. म्हणजे काठ गेला, गवत गेलं आणि त्यासोबत आम्ही बायकाही गेलो.

आमच्या महिला गटाने अर्ज केला, की या तळ्यात अडतीस जातींची गावठी मासळी आहे, ते खरवडू नका. नावं सासूने सांगितली, यादी मी लिहिली. बोंद्रे साहेब खात्याकडून चौकशीला आले. यादी वाचून म्हणाले, "यादी काय, कोणीही लिहील. तुम्हाला जाती खरंच ओळखता येतात का, ते मला पाहावं लागेल." नागपूरला विमानतळाच्या बाजूला जी नवी वस्ती उठली आहे तिथे नवं मत्स्यालय झालं होतं, आणि त्यात आपल्याकडच्या गावठी मासळीचं वेगळं दालन होतं. साहेबांनी तिथे आमची परीक्षा ठेवली. दहा टाक्या, दहा मासे. सहा ओळखले तर अर्ज पुढे जाणार. नाही ओळखले तर 'महिलांचा दावा निराधार' असं लिहिलं जाणार, आणि तळं ठेकेदाराचं.

गटाने परीक्षेला कोणाला पाठवायचं याची चर्चाही केली नाही. धुरपताबाईच जाणार. सोबत मी, वाचायला.

आणि तिथे दहा टाक्या संपल्या तेव्हा आमचे दोन बरोबर होते. वाम आणि झिंगा. मरळ बघून तर सासू म्हणाली, "हा मेला वाटते." मरळ मेली नव्हती, नुसती निवांत होती.

"ठीक आहे," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "मी जेवून येतो. अहवाल लिहून ठेवतो. तीन वाजता या आणि खाली अंगठा द्या. गाडीने सोडतो परत. फुकटात नागपूर पाहून झालं, काय मावशी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करता काय? दोन बरोबर, आठ चूक. ते आम्ही आमच्याच तोंडाने सांगितलं होतं.

बाहेर आलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली, एवढं ऊन. आणि एवढी काच! मत्स्यालयाच्या आत काच होती ते ठीक. बाहेरही जिकडेतिकडे काचच. वीस-वीस माळ्यांच्या इमारती, वरपासून खालपर्यंत काचेच्या. डोक्यावरून मेट्रो जाते, तिलाही काच. फुटपाथवर फरशी अशी चकचकीत की चप्पल घसरते. आणि माणूस म्हणाल तर एक नाही. सगळे आत, थंड हवेत, काचेपलीकडे. एका कॉफीच्या दुकानात पोरंपोरी बसली होती, ओठ हलत होते, हसत होती, पण आवाज म्हणून बाहेर येत नव्हता.

"हे बी टाक्याच हायत," मी म्हटलं. सासूला हसवावं म्हणून.

ती हसली नाही. मत्स्यालयातून निघाल्यापासून तिच्या तोंडाला कुलूप होतं.

"आत्याबाई, काही तं बोला."

"काय बोलू वं वच्छले? गावात कोनत्या तोंडानं जाऊ? अठरा बायांनी माह्या भरवशावर पाठवलं." ती थांबली. "रेशनवाला म्हनते तेच खरं दिसते. माही ओळखच नाई पटत कोठं."

ते रेशनचं सांगायला हवं. त्या वर्षीच दुकानात ते अंगठा लावायचं मशीन आलं होतं. सगळ्यांचा अंगठा ते घेई, सासूचा घेत नसे. डावा लाव, उजवा लाव, पुसून लाव, फुंकर मारून लाव. मशीन लालच. दुकानदार रांगेसमोर मोठ्याने म्हणे, "म्हातारे, तुझी ओळख पटत नाही. सुनेला पाठव." दर महिन्याला तेच. ती गुपचूप बाजूला होई आणि मी अंगठा लावी. घरी येऊन ती दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे पाहत बसे. मला त्याचं विशेष काही वाटत नसे. मशीन बिघडलं असेल, एवढंच वाटे.

जेवायला सावली शोधत आम्ही बरंच फिरलो. एका मॉलच्या दारात टेकलो तर दार आपोआप उघडलं, सासू दचकून उठली. बसस्टॉपवर बसलो तर तिथे ऊन. शेवटी दोन उंच इमारतींच्या मधे एक बाग दिसली. बागेत पाणी होतं. चार ढांगांत पार होईल एवढं डबकं, मधे कारंजं, कडेने कमळं, आणि पाटीवर काय, तर 'लेक व्ह्यू रेसिडेन्सी'. मी पाटी वाचून दाखवली.

"लेक म्हंजे?"

"तळं."

"अवो माय!" सासू म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या आवाजात जरा जीव आला.

कठड्यावर बसून आम्ही डबा सोडला. भात आणि सुकटीची चटणी. वास सुटला तसा सिक्युरिटीवाला शिट्टी वाजवत आलाच. पोट सुटलेला, मिशाळ माणूस.

"इथे बसायचं नाही. हे मेंबर लोकांसाठी आहे."

"मेंबर लोक कोठी हायत?" मी विचारलं. "एक तरी दाखवा, त्याले जागा देतो."

तो वर इमारतीकडे बघायला लागला. खरंच एकही नव्हता. तेवढ्यात सासूने चपला काढून दोन्ही पाय पाण्यात सोडले. उन्हाने तळवे भाजले होते तिचे.

"ओ आजी! पाय काढा, पाय! मासे आहेत त्यात, महागाचे!"

"दिसले मले. लाल लाल." सासू डोळे मिटून बसली होती. दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता. मग एकाएकी ती ताठ झाली. "अन् शिंगी हाय."

"काय?"

"शिंगी. याच्यात शिंगी हाय."

सिक्युरिटीवाला हसला. "अहो आजी, हे मासे सोसायटीने दुकानातून आणले. मोजून चाळीस, सगळे लाल. शिंगी कुठून येईल?"

सासूचे डोळे मिटलेलेच. पदर खोचला, कठड्यावरून खाली वाकली, आणि डावा हात कमळाच्या मुळाशी खांद्यापर्यंत आत गेला. पाणी हललंसुद्धा नाही. आम्ही दोघं बघत राहिलो. मी श्वास धरून, तो शिट्टी धरून.

हात वर आला तेव्हा त्यात वीतभर काळी शिंगी होती, वळवळणारी. शिंगीच्या दोन्ही कानशिलांना काटे असतात, बसला तर माणूस दिवसभर बोंबलतो. सासूने ते काटे दोन बोटांच्या बेचक्यात असे धरले होते, जसा सुईत ओवायला दोरा धरावा.

"बापरे," सिक्युरिटीवाला मागे सरला. "ही आली कुठून?"

"कमळं कोठून आनली?"

"भंडाऱ्याकडून. गाळासकट आणली होती, ट्रकमधून."

"मंग? गाळात पिल्लू आलं असन. तुमी चाळीस मोजले, हे मोजायचं रायलं." तिने शिंगीला पाण्यात अलगद सोडलं आणि हात झटकला. मग झटकता झटकता मधेच थांबली. आपल्या हाताकडे बघितलं.

"वच्छले."

"काय?"

"म्या हे पायली का?"

"नाई. तुमचे डोळे मिटले होते."

"मंग कोनं पायली?"

मला लगेच कळलं नाही. ती उठली. ओल्या पायांचे ठसे त्या चकचकीत फरशीवर उमटवत चालायला लागली. मी डबा कसाबसा बांधून मागे पळाले.

"अवो, कोठी चालल्या?"

"त्या बोंद्र्याकडं! आपुन येडे हावो वच्छले, येडे! आपल्या तळ्याचं पानी कसं असते? चहासारखं. त्यात कोन्या बाईनं कधी मासा डोऱ्यानं पायला? म्या पन्नास वर्सं टेंगरा धरला, पर पसरून मिरवताना एकदा नाई पायला. माह्या हातात आला की तो पर मिटूनच येते. मासा आपल्याले हातानं ओळखू येते वं! अन् त्यानं काचेतून इचारलं, अन् आपुन बी शहाण्यासारखे डोऱ्यानं सांगत बसलो!"

रस्त्याने माणसं नव्हती म्हणून बरं. नाहीतर त्या काचेच्या गल्लीत एक म्हातारी नऊवारी खोचून ओरडत चाललेली बघून कोणी पोलीसच बोलावले असते. आणि मी सांगते, बोलावले असते तरी तिने त्यांनाही ऐकवलं असतं.

साहेब मत्स्यालयाच्या कार्यालयात बसले होते. टेबलावर टाइप केलेला कागद आणि बाजूला शाईचं पॅड उघडून ठेवलेलं. कोपऱ्यातल्या बेसिनवर गमबूट घातलेली एक पोरगेलीशी बाई बादली विसळत होती. सकाळी तिलाच टाक्यांमध्ये खाणं टाकताना पाहिलं होतं. तिथल्या माशांची सगळी देखभाल तिच्याकडे, काळबांडे मॅडम म्हणत तिला.

"या मावशी. इथे अंगठा द्या, की निघू."

मी कागद उचलला आणि वाचला. 'सदर महिलांना स्थानिक प्रजातींची ओळख नसल्याचे प्रत्यक्ष पाहणीत सिद्ध झाले.'

"अंगठा नाई भेटत," सासू म्हणाली.

"का?"

"परीक्षा चुकीची हाय. पुन्ना घ्या. हात घालून ओळखतो मी. पदर बांधा डोऱ्याले."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे तूच समजाव हिला, अशा नजरेने. "हे पाहा, टाकीत हात घालायला हे काही तुमचं गावचं तळं नाही. नियम आहेत. परीक्षा झाली, निकाल लागला. आता हे नाटक कशाला?"

"नाटक?" मला राहवलं नाही. "साहेब, सकाळी तुम्ही काचेवर टकटक केलं. तिथं पाटी होती, करू नका म्हणून. नियम फक्त आमालेच हायत का?"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते काही बोलणार एवढ्यात बेसिनवरची बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मागे टब आहेत," काळबांडे मॅडम हात पुसत म्हणाल्या. "नवीन आलेले मासे टाकीत सोडण्याआधी आम्ही मागच्या खोलीत ठेवतो. त्या टबात हात घालता येतो. मी रोज घालते."

"मॅडम, हे तुमचं काम नाही."

"टब माझ्या ताब्यात आहेत, सर. आजी, हात फक्त साध्या पाण्याने धुवून घ्या. साबण नको."

मागच्या खोलीत ना निळा उजेड, ना काच. नळ, पाइप, ओली फरशी आणि रांगेने काळे टब. मासळीचा वास आला तशी सासूने मोठा श्वास घेतला. मी तिचा पदर तिच्या डोळ्यांवरून दोनदा गुंडाळून मागे घट्ट गाठ मारली. साहेबांनी स्वतः गाठ ओढून पाहिली. पाहू दे.

पहिला टब. हात आत गेला, क्षणभर फिरला, थांबला. "मरळ. अन् साहेब, जिती हाय."

काळबांडे मॅडम हसल्या. साहेब हसले नाहीत.

दुसरा टब. "वाम. पाठीवर करवत हाय." तिसरा. "शिंगी. दोन हायत, एक गाभण." चौथ्यात हात घालते न घालते तोच, "हा चपटा, पैशासारखा. याले आमी चांदणी म्हनतो. तुमी काय म्हनता ते तुमाले ठाऊक." मॅडमनी मान हलवली, बरोबर म्हणून. साहेबांचं पेन बंदच होतं. मी म्हटलं, "साहेब, बरोबरच्या खुणा करा ना. फुल्या तं पटापट मारल्या होत्या."

पाचवा टब जरा मोठा. सासूचा हात त्यात बराच वेळ राहिला. एक मासा वर काढला, कानाशी नेला. मासा हातात कुरकुरला.

"हा टेंगरा. ऐका, बोलते तो." तो सोडला, दुसरा काढला. त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. "हा बी टेंगराच. पन हा वेगळा."

"झालं!" साहेब म्हणाले. "मॅडम, या टबात काय आहे?"

"एकच जात आहे, सर. टेंगराच." मॅडमचा आवाज जरा पडला होता. "कार्डावरही तेच आहे."

"म्हणजे चुकल्या."

"चुकलो नाई," सासू म्हणाली. डोळ्यांवर पदर, हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि आवाज असा की मला माझ्या लग्नातला आठवला, माझ्या मामाला तिने हुंड्याचं नाव काढू नका म्हणून खडसावलं होतं तेव्हाचा. "पोरी, तू पाय. पाठीवर काटा असते, त्याच्या मांगं मऊ चरबीची घडी असते. या पहिल्याची घडी काट्याच्या मांगं लगेच सुरू होते. ह्या दुसऱ्याची बोटभर जागा सोडून. यालेच माही माय सावत्र म्हने. चवीले बी वेगळा. माह्या यादीत सहा नंबरले टेंगरा हाय, अन् सात नंबरले कोन हाय, वच्छले?"

"सावत्र टेंगरा," मी म्हटलं. यादी लिहिताना मी त्या नावाला हसले होते, ते मला आठवलं.

मॅडमनी टॉर्च घेतली. एक मासा छोट्या जाळीत घेतला, मग दुसरा. गुडघ्यांवर बसून दोन्ही शेजारी धरून बघत राहिल्या. खोलीत नळाचं पाणी तेवढं वाजत होतं. साहेबांनी घसा खाकरला.

"आजी बरोबर आहेत," मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या. "दोन जाती आहेत. तीन आठवडे मी यांना रोज हाताने खायला घालतेय आणि मला दिसलं नाही."

"दिसत नाईच ते," सासू म्हणाली. समजूत घालावी तसं.

अजून दोन टब बरोबर झाले. सात झाले. सहा हवे होते. आता तरी साहेब पेन उघडतील असं मला वाटलं. पण साहेब कोपऱ्यात गेले, तिथल्या एका वेगळ्या टबातून त्यांनी मगाने एक मासा उचलला आणि आणून रिकाम्या बादलीत टाकला. मला काही बोलू नको म्हणून बोट दाखवलं. सगळं बरोबर सांगून शेवटी एका बादलीवर घालवलं तर?

"हा शेवटचा. हा तुमच्या तळ्यातला कोणता?"

सासूने हात घातला. मासा धरला, पोटाखालून, पाठीवरून. तिच्या कपाळावर आठी आली. एकदा सोडला, पुन्हा धरला.

"सांगा मावशी. अडतीसमधला कितवा?"

"हा आमचा नाई, साहेब," सासू म्हणाली. "हा तुमचा. तो ठेकेदार आनून सोडनार हाय ना, त्यातला."

काळबांडे मॅडमना एवढं हसू आलं की त्या पाठ फिरवून नळ बंद करायला गेल्या. तो चालूच राहिला. बादलीत तिलापिया होता, बाहेरच्या बियाण्यातला.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आता म्हणू शकते. त्या वेळी मी म्हटलं नसतं. त्यांनी आधीचा कागद घडी करून खिशात घातला, कार्यालयात जाऊन नवा लिहिला आणि मला वाचायला दिला. 'प्रजातींची ओळख समाधानकारक. तलाव खरवडू नये, अशी शिफारस.' मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला, सासूला ऐकायला.

"आता द्या अंगठा."

सासूने शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. साहेबांनी कागद उचलून उजेडात धरला.

"हे काय? नुसता डाग आहे. पुन्हा द्या."

पुन्हा दिला. पुन्हा डाग. साहेबांनी तिचा हात धरून उलटा केला. मीही वाकले. अकरा वर्षं मी त्या बाईच्या हातचं खात होते, तिच्या हाताखाली राबत होते, पण तो अंगठा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. रेष म्हणून नव्हती. सगळी बोटं तशीच, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत.

"रेषाच नाहीत," साहेब पुटपुटले. "हे चालणार नाही. ओळख पटायला पाहिजे. असं करा, सूनबाईंना सही येते ना? त्यांची घेऊ."

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. सासू सवयीने बाजूला सरकली, रेशनच्या रांगेत सरकते तशी, मान खाली घालून. ते बघितलं आणि मला भडभडून आलं. रडू नाही, राग. दर महिन्याच्या रांगेत मी गुपचूप पुढे होऊन अंगठा लावत आले होते, त्या सगळ्याचा राग.

"माही सही नाई होनार," मी म्हटलं.

"अहो, तुमच्याच फायद्याचं आहे."

"म्या एक मासा नाई ओळखला, साहेब. ओळखले त्यांनी. तुमच्यासमोर, डोळे बांधून. कागद त्यांच्या अंगठ्यानंच जाईन. अन् रेषा कोठं गेल्या ते त्यांनाच इचारा."

सासूने मान वर केली.

"तळ्यात गेल्या, साहेब," ती म्हणाली. "गाळात, खवल्यात, पन्नास वर्सं. ठेकेदाराले म्हना, तुहा अंगठा बी दाखव. ज्याच्या रेषा तळ्यात गेल्या असन, तळं त्याचं."

साहेबांनी कागद पुन्हा जवळ ओढला. मग पेन उघडलं आणि डागाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'धुरपताबाई गोमाजी दिघोरे, यांचा अंगठा, माझ्यासमोर.' खाली स्वतःची सही केली, शिक्का मारला. काळबांडे मॅडमनी साक्षीदार म्हणून सही केली. त्यांच्या ओल्या हाताचं पाणी कागदावर पडलं, तेही तसंच राहिलं.

तळं खरवडलं गेलं नाही. नंतरही दोनदा कोणी कोणी आले, दोनदा आम्ही त्या कागदाची झेरॉक्स पुढे केली. सासू तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवसापर्यंत आंघोळ झाली की काठावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसायची आणि माशांत कोण आलंय, कोण गेलंय ते सांगायची. आता गाळात तिच्या जागेवर मी उतरते.

मागच्या महिन्यात रेशनला गेले. मशीनवर अंगठा ठेवला. लाल. पुसून ठेवला. लाल. डावा ठेवला, फुंकर मारली. लालच.

दुकानदार तोच आहे अजून, म्हातारा झालाय. रांगेसमोर मोठ्याने म्हणाला, "वच्छलाबाई, तुमची बी ओळख पटत नाही. अंगठा गेला तुमचा."

मी अंगठा उजेडात धरून नीट पाहिला. मग त्याच्या डोळ्यांसमोर नेला, अगदी नाकाजवळ, आणि हसले.

"गेला नाई भाऊ," मी म्हटलं. "तळ्यात हाय. तुमचं मशीन घ्या अन् तिथं या."

आणि मी बाजूला सरकले नाही.